पहिला आंबा

देवाला भिणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण आमच्या हिच्या काकांइतकं मनापासून भिणारा माणूस जुन्नर-आंबेगावात शोधून सापडायचा नाही. बाकी कशालाच ते भीत नाहीत. पारगावच्या रस्त्यावर एकदा उसातून बिबट्या समोर आला, तेव्हा त्यांच्या स्कूटरवर मागे बसलेला मी त्यांच्या पाठीआड दडलो. काकांनी स्कूटर बंद केली, टोपी काढली आणि थांबले. तो निघून गेल्यावर म्हणाले, "त्याला काय भ्यायचं, जावईबापू? त्यो बी हुकमाचा ताबेदार. उलट आपल्यापेक्षा जास्त ऐकतो." याच काकांच्या हातून एका रविवारी, म्हणजे प्रभूच्या विसाव्याच्या दिवशी, वांग्यातलं थोडं गवत चुकून उपटलं गेलं. त्यांनी ते पुन्हा मातीत खोचलं आणि सोमवारी रीतसर उपटलं.

"प्रभूची इच्छा असली तर" हे शब्द जोडल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नाही. एसटीत त्यांनी "एक कळंब, प्रभूची इच्छा असली तर" असं तिकीट मागितलं, तेव्हा कंडक्टर म्हणाला, "बाबा, इच्छा नसली तर कुठलं फाडू?" काका गंभीरपणे म्हणाले, "मग तुझी बी गाडी जायची न्हाई, भाऊ." जेवणाआधीची त्यांची प्रार्थना तर अशी लांबते, की त्यांच्या घरी गरम भाकरी मी अजून खाल्लेली नाही.

त्यांची एकुलती एक लेक रूथ परदेशात नर्स आहे. काकू गेल्यापासून घरात काका एकटेच. शाळेत असताना रूथने परसात कोय पुरली होती. त्या झाडाला यंदा पहिल्यांदा फळ धरलं, तेही एकच. रूथ फोनवर म्हणाली, "पप्पा, जूनमध्ये येते. माझ्यासाठी ठेवा." काकांनी आंब्याला फडक्याची पिशवी बांधली. रोज संध्याकाळी ते खाली उभे राहून वर बघायचे.

आंबा मे महिन्यातच पिकला. आमच्या चर्चच्या मंडळीत पहिलं फळ देवाचं. ते वेदीपुढे ठेवायचं आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव करायचा. मी म्हटलं, "काका, फ्रीजमध्ये ठेवू. लेकीसाठी आहे, देव समजून घेईल."

"समजून घेतो, म्हनून तर भ्या वाटतं," काका म्हणाले. "न समजनाऱ्याला कोन भितंय?"

रविवारी त्यांनी आंबा वेदीपुढे ठेवला, पण हात लवकर निघेना. मला बघवलं नाही. लिलावात मीच तो घेतला आणि त्यांच्यापुढे धरला. "आता हा माझा. रूथसाठी ठेवा."

काकांनी हात पाठीमागे नेले. "दिलेलं मागं घ्यायचं न्हाई. तुमी खावा." डोळे मात्र आंब्यावरून हलत नव्हते.

आम्ही तो खाल्ला. खरं सांगायचं तर आंबटढाण होता. दुसऱ्या दिवशी काका दारात हजर. ऊन, कांदा, बिबट्या, सगळं बोलून झालं आणि मग हळूच म्हणाले, "कोय टाकली का हो?"

ती आमच्या परसात वाळत होती.

"आंबा देवाचा. पन कोयीचं शास्त्रात काय सापडलं न्हाई मला. पाळकसाहेबांनाबी इचारलं." त्यांनी कोय रुमालात बांधून नेली.

रूथची रजा रद्द झाली. जून गेला, ती आली नाही. कोयीला मात्र काकांकडच्या तेलाच्या डब्यात तांबूस पानं फुटली. दर रविवारी उपासनेनंतर ते फोनवर लेकीला रोप दाखवतात. परवा मी तिथेच होतो. तिने विचारलं, "पप्पा, याला आंबे कधी येणार?"

"आंब्याचं ऱ्हाऊ दे बाळा, तू ये," काका म्हणाले. पुढे नेहमीचे शब्द जोडले नाहीत.

फोन ठेवल्यावर ते त्यांच्या ध्यानात आलं. टोपी काढून ते बराच वेळ डोळे मिटून बसले. माफी मागत होते की पुन्हा तेच मागत होते, मी विचारलं नाही.