दादा चमचे पुसायचे

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोईसरला कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. फोन नवऱ्याचा, नीलेशचा. "वैशाली, घरी ये. दादा..." एवढंच म्हणाला, आणि पुढचं मला कळलं. दुपारचं जेवण झाल्यावर माझे सासरे नेहमीसारखे खुर्चीत बसले, डोळे मिटले, ते मिटलेच. वय ऐंशीच्या पुढचं, आजारपण म्हणावं असं काही नाही. मी पोचले तेव्हा शेजारणींनी स्वयंपाकघर सांभाळायला घेतलं होतं. कुणीतरी चहाचे कप आणि चमचे धुऊन ओलेच ठेवले होते. बाहेर माणसं बसलेली, आणि मी फडकं घेऊन एकेक चमचा पुसत उभी राहिले. एकीनं माझ्या हातून फडकं काढून घेतलं. "अगं, आत्ता कुठे हे..." तिचं बरोबरच होतं. पण आमच्या घरात ओला चमचा कधी ठेवला जात नसे. दादांनी ठेवू दिला नव्हता.

दादा मूळचे बोईसरजवळच्या नवापूरचे, किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या गावातले. भाऊ सगळे समुद्रावर जाणारे, पण यांना बोटीवर पाय ठेवला की पोटात ढवळायचं. म्हणून तरुणपणीच ते बोईसरला आले आणि एका कंपनीच्या गेस्ट हाऊसमध्ये लागले. तिथले काटे, चमचे, सुऱ्या निवृत्त होईपर्यंत त्यांच्याच ताब्यात होत्या. निवृत्तीनंतर घरातल्या चमच्यांची पाळी आली. आमच्याकडचं बोअरिंगचं पाणी क्षाराचं, चमचा आपोआप वाळला की त्यावर पांढरे ठिपके उमटतात. ते आले की दादा व्हिनेगरचा बोळा फिरवायचे. सुरी सिंकमध्ये भिजत टाकलेली त्यांना खपत नसे. जुनी लोखंडी सुरी धुऊन, पुसून, पात्याला खोबरेल तेलाचं बोट लावूनच खणात जायची, कारण इथल्या खाऱ्या हवेत दोन दिवसांत गंज धरतो. आणि सुरी बोथट झाली की चिनी मातीचा कप उपडा घालून त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर ती अशी काही झरझर फिरवायचे की टोमॅटोची साल नुसत्या स्पर्शानं सुटावी.

मी कऱ्हाडची. माहेरी अंडंसुद्धा घरात येत नसे. नीलेशची आणि माझी ओळख कारखान्यातली, लग्न आमचं आम्ही ठरवलेलं. सासूबाई आधीच गेलेल्या, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. मासळी शिजवायचे ते नीलेश नाहीतर दादा. मला कुणी कधी आग्रह केला नाही. तरी वासानं मला मळमळायचं. मी माहेरून आणलेलं ताट, वाटी आणि चार चमचे एका डब्यात घालून कपाटात वेगळे ठेवले होते. त्यावरही कुणी काही बोललं नाही. फक्त एक व्हायचं. मी भांडी घासून ठेवली की दादा चमचे पुन्हा काढायचे, बेसन आणि लिंबाची साल घेऊन घासायचे, धुऊन कोरडे करायचे आणि शेवटी एकेक चमचा नाकाशी धरायचे. मला वाटे, हे माझं काम तपासतायत.

चार-पाच महिने मी गप्प राहिले. मग एकदा कारखान्यातली पाळी संपवून थकून आले, तर पुन्हा तेच. माझा तोल गेला. "दादा, माझ्या हातचं घासलेलं पटत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. रोज माझ्यासमोर पुन्हा घासायचं कशाला?"

दादांनी हातातला चमचा खाली ठेवला. "बाय, तुझं घासलेलं नाय घासत मी. मासळी घासतो."

मला काही समजलं नाही. मग ते नळ बंद करून बोलायला लागले. गेस्ट हाऊसमध्ये नवीन होते तेव्हाची गोष्ट. एका मोठ्या साहेबानं भरल्या टेबलावर चमचा नाकाशी नेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, याला मासळीचा वास येतोय.

"त्या दिवशी मासळी नव्हतीच, बाय. डाळ-भात होता. चमचा नवा, माझ्या हातानं पुडक्यातून काढलेला. पण त्याच्या आधी त्यानं मला गाव विचारलं होतं."

"मग?"

"मग काय... बदलून दिला चमचा. तवापासून सवय लागली. तुझा डबा वेगळा हाय, ते बघितलंय मी. ठेव, आमचं काय नाय. पण कधी चुकून आमचा चमचा तुझ्या हातात आला, तर तुला त्रास नको."

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. तो साहेब आणि मी एकाच टेबलावर बसलो आहोत असं मला वाटलं. त्याच दिवशी मी डबा रिकामा केला असं सांगायला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. आठ दिवस गेले. मग एका सकाळी माझे चार चमचे मी घरच्या चमच्यांत मिसळून टाकले. दादांनी पाहिलं. सगळे पुसून जागेवर ठेवले, एवढंच.

पुढची वर्षं शांत गेली. मी मासळी खायला लागले नाही, पण करायला शिकले. मीठ किती हे दादा चाखून सांगायचे. मोतीबिंदूनं नजर गेल्यासारखी झाली, ऑपरेशननंतरही फारशी सुधारली नाही, तेव्हा ते अंगठ्यानं चमचे तपासायचे. "इथं हाय बघ क्षार," म्हणायचे, आणि मी डोळ्यांनी बघून मान्य करायची. स्वयंपाकघरात आम्ही दोघं असलो की फार बोलत नसू. मी धुवायची, ते पुसायचे...

तेराव्यानंतरही बरेच दिवस घरात मासळी आली नाही. गेल्या रविवारी नीलेश बोंबील घेऊन आला. मी केले. तो जेवला, दादांच्या खुर्चीकडे बघत दोन बोंबील जास्तच खाल्ले, आणि हात धुऊन बाहेर गेला. मी अजून जेवायची होते. कालवणातला चमचा धुतला, कोरडा पुसला आणि नकळत नाकाशी धरला. किंचित वास होता. लिंबाची साल ओट्यावर होतीच, ती उचललीसुद्धा. मग परत ठेवली. ताटात वरण-भात वाढून घेतला आणि त्याच चमच्यानं जेवले.