सत्यशीलाबाईंनी वाचलेला ठराव

पाथर्डी तालुक्यातल्या चार गावांची प्रोसिडिंग बुकं सत्यशीलाबाईंनी बावीस वर्षं लिहिली. सूचक कोण, अनुमोदक कोण, हात किती वर झाले, सगळं ग्रामसेविकाबाईंच्या अक्षरात. एकदा पाण्याच्या टाकीच्या ठरावात पाइपलाइनचं एक वाक्य लिहायचं राहिलं आणि नवीकोरी टाकी दोन वर्षं रिकामी उभी राहिली. तेव्हापासून ठराव म्हटला की त्या अक्षर न् अक्षर वाचतात.

त्या संध्याकाळी ठराव न्यूयॉर्कला होता. दूरच्या एका देशातलं युद्ध नुकतंच थांबलं होतं आणि तिथं शांतिसेना पाठवायची का, यावर सुरक्षा परिषदेत मतदान होतं. जाणाऱ्यांच्या यादीत त्यांच्या रश्मीचं नाव होतं. लष्करी पोलिसातली सव्वीस वर्षांची पोर, स्वतःहून नाव दिलेली. फक्त आईने अजून हो म्हटलं नव्हतं.

मोबाईल डब्याला टेकवला होता. शेजारच्या भागूबाई, दोनदा पंच राहिलेल्या, पुढे सरकून बसल्या. पडद्यावर हात वर झाले. सत्यशीलाबाई भराभर मोजत गेल्या. बारा, तेरा, चौदा. पंधरावा हात खालीच, आणि तो नेमका पाच बड्या देशांतला. त्याने विरोध केला की सगळं बारगळणार.

"त्यो का बसलाय वं हात खाली घालून?" भागूबाई म्हणाल्या. "आपल्या गहिनीनाथ सरपंचागत रुसलाय का काय?"

अध्यक्षांनी विचारलं, विरोधात कोण? एकही हात नाही. तटस्थ कोण म्हटल्यावर तो पंधरावा हात वर गेला. ठराव मंजूर झाला! रश्मीचे वडील हनुमंतराव बायकोकडे बघत चपला घालून पेढे आणायला निघालेसुद्धा. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. तेवढ्यात रश्मीचाच फोन आला.

"आई, झालं बघ. आता तरी हो म्हण."

"थांब. तुमच्यावर कुणी गोळी झाडली तर हात बांधून उभं राहायचं का, ते आधी बघू दे."

आई आता युनोचंही ऑडिट काढणार म्हणून रश्मी हसली, पण मसुदा तिने लगेच पाठवला. बी.ए.चं इंग्रजी जमेल तसं कामाला लावत बाईंचं बोट कलमाकलमावरून सरकलं आणि तेराव्यावर थांबलं. नागरिकांच्या आणि स्वतःच्या रक्षणासाठी बळ वापरण्याची परवानगी. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"वाक्य आहे," त्या म्हणाल्या.

"मग?"

"मग जा. आणि पोचल्या दिवशीच तुझ्या साहेबांना विचार, तेरावं कलम पाठ आहे का म्हणून."