हलव्याचे दागिने धुआंधारला गेले

जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या अंजनीबाईंच्या घरी सून आली, स्वानंदी नाव, माहेर इंदूरचं. पोरगी गोड, कामाला आळशी नाही, पण एक होतं. जे काही करायची ते आधी मोबाइलला दाखवायची, मग घरातल्या माणसांना. "नवी नवरी, नवा संसार" असं तिचं त्या मोबाइलवर पान. चहा उतू गेला, टाक तिथे. नवरा घोरला, टाक तिथे. छंद तर विचारूच नका. आठ दिवस दोऱ्यांच्या गाठी मारल्या, आठ दिवस कुंड्या रंगवल्या. मग सासूचा पंचवीस वर्षांचा लोखंडी तवा उचलला, त्यावर पांढऱ्या रंगानं माणसं नाचवली, अन् दिला बैठकीत टांगून. अंजनीबाई सकाळी तवा शोधून शोधून थकल्या.

"अगं बाई, आता पोळ्या काय भिंतीवर भाजू?"

"आई, पण साडेचार हजार लोकांनी पाहिला!"

"मग त्यांनाच बोलाव भाजायला."

तर आली पहिली संक्रांत. आपल्याकडे नव्या नवरीला पहिल्या संक्रांतीला काळी साडी नेसवतात अन् अंगावर घालतात साखरेच्या हलव्याचे दागिने. हार, बाजूबंद, बिंदी, कर्णफुलं, सगळं पांढरंशुभ्र, काटेरी, दोऱ्यात ओवलेलं. अंजनीबाई दिवाळीपासून सगळ्या मराठी बायकांना सांगून राहिल्या होत्या, "मी घरीच करणार. शेगडीवर, मंद आचेवर, बोटांनी फिरवून फिरवून." खरी गोष्ट अशी की दागिने नागपूरहून पार्सलनं आले. खोक्यावरचा पत्ता बाईंनी नखानं खरवडून काढला. स्वानंदीनं ते पाहिलं अन् गप्प बसली. काहून बोलेल? तिनं तोच हार गळ्याशी धरून मोबाइलात सांगून टाकलं होतं, "हे मी माझ्या हातांनी केलंय!" आता एकीनं तोंड उघडलं तर दोघींचं उघडं पडणार. सासवासुनांचं इतकं जमलेलं त्या घरात आधी कधी कोणी पाहिलं नव्हतं.

हळदीकुंकू पाचला. तीस बायका येणार.

"चारला दागिने घालून तयार पाहिजेस," सासूनं बजावलं. "पहिला सण आहे. चार बायकांत माझं नाक कापलं जाऊ देऊ नको." अन् त्या गेल्या सराफा बाजारात, वाणाच्या डब्या आणायला.

त्या गल्लीच्या कोपऱ्यावरून वळल्या नाहीत तोच स्वानंदी नवऱ्याला म्हणाली, "विपुल, चल, भेडाघाट. मागे धुआंधार धबधब्याचं पांढरं पाणी, पुढे काळी साडी, त्यावर पांढरे दागिने. अर्ध्या तासाचं काम."

"अरे यार, आईला कळलं तर?"

"चारच्या आत परत. व्हिडिओ रात्री टाकू."

निघाले स्कूटरवर, दागिने चपलांच्या खोक्यात. आता धुआंधारला धुआंधार का म्हणतात? पाणी पडतं अन् त्याचा धूर होऊन अंगावर येतो म्हणून. स्वानंदी इंदूरची, तिचं सोडा. विपुल जन्मापासून जबलपूरचा. शंभरदा तिथे जाऊन ओला होऊन आलेला. रिछाईच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याच्या डोक्यात एकदाही आलं नाही की साखर पाण्यात विरघळते.

कठड्याशी उभी राहिली दागिने लेऊन.

"थोडी मागे. अजून मागे. हां, हस."

"विपुल, मान चिकट लागून राहिली."

"तू हस तर आधी."

पहिले काटे गेले. मग दाणे चोखून टाकलेल्या गोळीसारखे झाले. मग काळ्या साडीवरून पांढरे ओघळ. शेजारचा चणेवाला पाहत होता, त्याला राहवलं नाही. "दीदी, आपका हार बह रहा है!" कर्णफुलावर एक मधमाशी येऊन बसली. स्वानंदी ओरडली, विपुल म्हणाला, "हां, ये एक्सप्रेशन बढ़िया!"

परतीच्या रस्त्यावर सगळी धूळ त्या पाकावर बसली. घरी पोचायला पावणेपाच. मागच्या दारानं शिरावं म्हटलं, तर तिथेच अंजनीबाई उभ्या, आणि मागे शेजारच्या प्रणोतीकाकू, लवकर आलेल्या.

"हे काय गं? दागिने कुठे आहेत?"

स्वानंदीनं साडीकडे बोट दाखवलं. "इथे. विरघळले."

अंजनीबाईंचा चेहरा असा झाला की जसा कोणी तवा पुन्हा भिंतीवर टांगला. पण बोलल्या प्रणोतीकाकूच. "एवढं काय त्यात? रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. आज तिळगूळ देऊन मोकळं करा. तुला तर येतातच करता, अंजनी. अन् सुनेलाही येतात, मोबाइलात पाहिलं मी. दोघी करा मस्त. आम्ही येतो सगळ्या बघायला."

सासूनं सुनेकडे पाहिलं, सुनेनं सासूकडे. दोघी म्हणाल्या, "हो, हो."

दुसऱ्या दिवशी शेगडी पेटली. परातीत तीळ, वर थेंब थेंब साखरेचा पाक, अन् बोटं फिरवत बसायचं.

"आई, पाक एकतारी की दोनतारी?"

"तुला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही, आई."

सासूनं आच आणखी मंद केली. मग अंजनीबाई हळूच म्हणाल्या, "तुझ्या त्या मोबाइलात बघ ना जरा."

अकरा दिवस. तीन घाणे जळले, दोनांची ढेकळं झाली. स्वानंदीच्या बोटांना फोड आले. काटे काही आले नाहीत. रथसप्तमीला तयार काय होतं? दोन कर्णफुलं, एक वाकडी बिंदी. तेवढंच घालून ती तीस बायकांत बसली.

प्रणोतीकाकूंनी वाटीतला एक दाणा तोंडात टाकला. कट्ट आवाज झाला. "अगं, दात गेला असता! तो आधीचा हलवा असाच होता का?"

अंजनीबाईंनी डोळे वटारले. स्वानंदीनं आपल्या फोडांकडे पाहिलं. या अकरा दिवसांनंतर पुन्हा तो नागपूरचा हलवा आपला म्हणायला तिचा जीव धजेना.

"नाही काकू. तो नागपूरचा होता, पार्सलचा. मी खोटं सांगितलं होतं. हा वाकडा माझा."

सासूला तिनं मधून बरोब्बर बाजूला ठेवलं. पण काकू कुठल्या ऐकायला! "माहीत आहे गं. पार्सलवाला आधी आमच्याच दारी आला होता. मीच त्याला तुमचं घर दाखवलं. खोक्यावर नाव अंजनीचं होतं."

बायका इतक्या हसल्या की वाणाच्या डब्या खणखणल्या. अंजनीबाई उठल्या, म्हणाल्या, "चहा बघते," आणि चहा बघायला अर्धा तास लागला.

स्वानंदीनं फोडांचा व्हिडिओ टाकला. तव्याच्या निम्म्याही लोकांनी पाहिला नाही. सासूनं मात्र पहिल्यांदाच सुनेच्या व्हिडिओला अंगठा दिला. मग लागला की नाही म्हणून पुन्हा दाबला, तर तो निघून गेला.