निघोज्याच्या शेडमध्ये मी जे बोललो

ही पोस्ट मी तीनदा लिहिली आणि तीनदा खोडली. दरम्यान तुमचे मेसेज येत राहिले: पिंपरी-चिंचवडच्या गॅरेजांचं काय झालं, फोटो कधी टाकताय? चूक माझीच. जाण्याआधी मीच ढोल वाजवला होता की कारखान्यांच्या या पट्ट्यात लोक आपल्या लाडक्या गाड्या घरी कशा जपतात, ते मी दोन दिवस फिरून बघणार आहे. फिरलो, बघितलं, फोटोही चांगले आलेत. पण त्या दोन दिवसांतली दहा मिनिटं वगळून लिहायला बसलो की हात चालेना, आणि ती दहा मिनिटं लिहायची तर लाज वाटते. शेवटी लाज वाटते तसंच लिहितोय. माणसांची नावं बदलली आहेत.

जे पहिल्यांदाच इथे आलेत त्यांच्यासाठी सांगतो. मी साताऱ्याचा, विम्याच्या कामात आहे आणि जुन्या गाड्यांचा नाद बाळगून आहे. आमच्या ग्रुपवर मला ‘इन्स्पेक्टर’ म्हणतात, कारण कुठल्या गाडीला कुठला भाग मूळचा नाही, हे मी फोटोवरून सांगतो. या नावाचा मला फार अभिमान होता.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी पहाटे साडेपाचला निघालो. खंबाटकीचा बोगदा उजाडायच्या आत पार केला, शिरवळला चहा घेतला आणि कात्रज बायपासनं साडेआठला पिंपळे सौदागरला पोचलो. तुम्ही जाणार असाल तर वाकडचा चौक नऊच्या आत ओलांडा, नाहीतर सगळा उत्साह तिथेच संपेल.

पहिलं गॅरेज म्हणजे खरं तर गॅरेज नव्हेच. महेश माझा जुना ऑनलाइन मित्र, आयटीतला. दहा मजली सोसायटीच्या खालच्या पार्किंगमध्ये त्याच्या वाट्याला दोन खांबांमधली एक जागा आली आहे आणि तिथे वडलांची जुनी पद्मिनी मोटार उभी आहे. भिंतीला लावलेल्या चपलांच्या कपाटात पाने, पक्कड, पॉलिशच्या बाटल्या, सगळं ओळीत. रोजची गाडी बिचारी बाहेर रस्त्यावर उन्हात. खांबावर सोसायटीची नोटीस होती, पार्किंगमध्ये गाडी धुऊ नये.

“मग धुतोस कुठे?” मी विचारलं.

“धूत नाही. पुसतो. ओल्या फडक्यानं. पुसण्यावर अजून ठराव झालेला नाही.”

पोह्यांच्या बशा संपवताना त्याने मला पुढचे दोन पत्ते दिले. तळवड्याचे शिंदे आणि निघोज्याचे अण्णा. दुसरा पत्ता पाठवताना तो जरा थांबला आणि म्हणाला, “अण्णांकडे जा, शेड बघच तू. पण तिथे जरा कमी बोल, इन्स्पेक्टर.” मी हसण्यावारी नेलं.

निगडीहून त्रिवेणीनगरमार्गे तळवडे गाठलं. एका बाजूला आयटी पार्कच्या काचा आणि दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या छोट्या वर्कशॉपांची रांग. शिंदे लातूरकडचे. तीस वर्षांपूर्वी वेल्डर म्हणून आले, आता स्वतःचं वर्कशॉप आहे आणि त्याच्या मागच्या अंगाला पांढरीशुभ्र अँबॅसिडर. तिच्यासाठी त्यांनी कारखान्यात करतात तशी चौकट उभारून चेन ब्लॉक लावलाय, गाडी पुढून उचलायची सोय. मी एक फेरी मारली आणि म्हणालो, “डावीकडच्या हेडलाइटची कडी नंतरच्या मॉडेलची आहे.”

शिंदेंनी मांडीवर थाप मारली. “आई शप्पथ! नऊ वर्षं झाली, एकानं पण वळखलं नव्हतं हो!” त्यांनी दोन कामगारांना मशीन बंद करून बोलावलं आणि मला तेच पुन्हा बोलायला लावलं. मी बोललो. दोनदा. छाती इतकी फुगली होती की चौकातली झणझणीत मिसळही मला गोड लागली असती.

तळवड्याहून इंद्रायणी ओलांडून निघोज्याला जाताना कंटेनरच्या मागे रांगत जावं लागतं. दुपारी तीनची शिफ्ट सुटायच्या आत पोचा, नाहीतर बसगाड्यांची रांगच रांग. मी दोनला पोचलो.

अण्णा साठी ओलांडलेले. शेतीतली बरीचशी जमीन एमआयडीसीत गेली. उरलेल्या जागेत त्यांनी कामगारांसाठी खोल्या बांधल्यात आणि खोल्यांच्या मागे आहे ती शेड. मी बऱ्याच जिल्ह्यांतली गॅरेजं बघितली आहेत, पण अशी नाही. चपला दाराबाहेर काढायच्या. आत घोटलेली कडप्प्याची फरशी. उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून खिडक्यांना बारीक जाळी आणि कोपऱ्याकोपऱ्यात डांबराच्या गोळ्या. आणि मधोमध, लाकडी ठोकळ्यांवर टायर अधांतरी ठेवून उभी केलेली, सैनिकी हिरव्या रंगाची जीप. मागच्या सीटवर घरी शिवलेली गोधडी अंथरलेली.

“वडलांची,” अण्णा म्हणाले. “मी सातवीत व्हतो तवा इकली त्यांनी. परराज्यातल्या मानसानं नेली. लय रडलो व्हतो मी. मग आमच्या रफिकनं दोन वरीस हिंडून परत आनली. नंबरपाटी बदाललेली तिकडं, पर गाडी तीच.”

तेवढ्यात रफिकभाई आलेच. चाकणला त्यांचं गॅरेज आहे, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. अण्णांपेक्षा चारपाच वर्षांनी लहान असतील. हातात चहाची किटली. ती त्यांनी ठेवली आणि कुणाशी काही न बोलता, स्वतःच्या घरातलं कपाट उघडावं तसं जीपचं बॉनेट उघडलं, तेलाची पट्टी काढून बघितली, पुसून परत घातली.

“दर रविवारी सकाळी सातला येतो ह्यो,” अण्णा सांगत होते. “गाडी खाली उतरवतो, चालू करतो, मग आमी दोगं आळंदीला घाटापर्यंत जाऊन भजी खाऊन येतो. अकरा वरसं झाली. एक रविवार चुकवला न्हाई.”

बॉनेट उघडं होतं. मी वाकलो. इंजिनामागच्या पत्र्यावर कंपनीने ठोकलेली छोटी पट्टी असते, तिच्यावर चॅसी नंबर. त्याच्या सुरुवातीवरून गाडी कुठल्या साली बनली ते कळतं. आम्हा नादी लोकांना ते पाठ असतं. मी नंबर वाचला, खाली चॅसीवर ठोकलेला नंबर पडताळला. दोन्ही जुळत होते. मनात अण्णांच्या सातवीचं साल मोजलं. आणि शिंदेंच्या कामगारांसमोर बोललो होतो त्याच आवाजात बोललो.

“अण्णा, ही तुमच्या वडलांची गाडी असूच शकत नाही. त्यांनी विकली त्यानंतर निदान पाच वर्षांनी ही बनलीय.”

कुणी मांडीवर थाप मारली नाही. रफिकभाईंच्या हातात फडकं होतं, ते त्यांनी नीट घडी करून बंपरवर ठेवलं. अण्णा माझ्याकडे बघत नव्हते, रफिकभाईंकडेही नाही. मला उशिरा का होईना कळलं आणि मी सारवासारव करू लागलो. पट्टी बदलली असेल, नंबर पुन्हा ठोकला असेल, असं काय काय. नंबर पुन्हा ठोकलेला ओळखता येतो आणि हा नव्हता, हे माझ्याइतकंच रफिकभाईंनाही माहीत होतं.

“चहा घ्या, गार होईल,” रफिकभाई म्हणाले. मग म्हणाले, “अण्णा, निघतो. एक गाडी द्यायची आहे संध्याकाळी.”

किटली तिथेच राहिली.

रात्री मी आळंदीत भक्तनिवासात उतरलो. खोली स्वच्छ, साधी, आधी फोन करून ठेवा. गावात पिठलं-भाकरी चांगली मिळते असं ऐकलं होतं. मी जेवलो नाही, त्यामुळे त्याबद्दल काही सांगता येत नाही. महेशला फोन करून झालेलं सांगितलं. तो म्हणाला, “मी काय सांगितलं होतं तुला?”

रविवारी सातच्या आधीच निघोज्याला गेलो, माफी मागायला. अण्णा शेडच्या उंबऱ्यावर बसले होते. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, आळंदीला जायच्या तयारीत. जीप ठोकळ्यांवरच होती. साडेसात झाले. आठ झाले. रस्त्यावर मोटारसायकल वाजली की अण्णा मान वर करायचे.

“अण्णा, माझं चुकलं,” मी म्हणालो. “मी बोलायला नको होतं.”

“बसा.” त्यांनी शेजारची फरशी हाताने झाडली. मग आत जीपकडे बोट दाखवून म्हणाले, “आमच्या गाडीला म्होरं पायाखाली भोक व्हतं. एवढं. बापाशेजारी बसून मी त्यातनं रस्ता पळताना बगायचो. बाप म्हनायचा, नाक घालू नगं, धुरळा जाईल. हिचा पत्रा बगा. जुना, कंपनीचा. कुटं जोड न्हाई, येल्डिंग न्हाई.”

मला अर्थ लागायला क्षण लागला.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“पयल्या दिवसापास्नं. रफिक ती आनून हुबा ऱ्हायला दारात, घामानं भिजलेला, रंग देऊन, सीटा शिवून. ते तोंड बगितलं आन् मी म्हनलो, व्हय, हीच ती.” अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “त्याला वाटायचं मला ठाव न्हाई. आन् मला ते बरं वाटायचं. आता तुमी असं करा, त्याच्याकडं जाऊ नका. आन् गेलाच तर मला ठाव व्हतं ह्ये त्याला सांगू नका. अकरा वरसं म्या त्याला येड्यात काडलं आसं वाटंल त्याला.”

मी गेलो. न जाण्याची हिंमत नव्हती. चाकणच्या गॅरेजमध्ये रफिकभाई एकटेच एका टेम्पोखाली काम करत होते. मला बघून बाहेर आले, हात पुसले, स्टूल दिलं. मी माफी मागितली, तर ते नरमाईने म्हणाले, “साहेब, तुमचं काय चुकलं? तुम्ही खरं बोललात. खोटं तर मी बोललो होतो.”

त्यांनी कुणी न विचारता सांगितलं. दोन वर्षं शोधल्यावर कळलं की ती जीप केव्हाच भंगारात कापली गेली होती. ते सांगायला ते निघोज्याला गेले. “तर अण्णांनी शेड बांधून तयार ठेवलेली. गाडीचा पत्ता नाही आणि शेड तयार! नवी फरशी, जाळ्या, सगळं. मला हात धरून आत नेलं, म्हणाले, बघ, कुठं उभी करायची. तोंडातून निघालंच नाही साहेब. म्हटलं, अजून थोडं शोधतो. आणि मग ही दुसरीच शोधली.”

मग त्यांनी विचारलं, “अण्णा काय म्हणाले?”

उत्तर माझ्या जिभेवर होतं. एका वाक्यात त्यांचं ओझं उतरलं असतं आणि दुसरं कुठलं तरी चढलं असतं. कोणतं जड, ते ठरवणारा मी कोण? आयुष्यात पहिल्यांदा मला माहीत असलेली गोष्ट मी गिळली.

“वाट बघतायत,” एवढंच म्हणालो. रफिकभाईंनी मान हलवली आणि परत टेम्पोखाली गेले.

परतीचा रस्ता मोकळा होता, टोलवर रांग नव्हती. दुपारी घरी पोचलो. माझ्या गॅरेजच्या भिंतीवर मी एक पाटी रंगवून लावली आहे, ‘शंभर टक्के मूळची’. खाली माझी जीप. नट-बोल्टसुद्धा मूळचे. तिच्या शेजारच्या सीटवर बसून माझ्याबरोबर दर रविवारी भजी खायला जाणारा माणूस मात्र कुणी नाही. असता, तर त्याचीही मी तपासणी केली असती. पाटी काढली. त्याने काही बदललं असं नाही, भिंतीवर चौकोन उमटलाय फक्त.

चार-पाच रविवार गेल्यावर धीर करून अण्णांना फोन लावला. लिहू का म्हणून विचारायचं होतं.

“लिवा की,” अण्णा म्हणाले. “आता झाकन्याजोगं काय ऱ्हायलंय? तिसऱ्या रविवारी आला त्यो. आमी बोललो. त्यानं त्याचं सांगितलं, म्या माजं. रडलो बी.”

माझा जीव भांड्यात पडला. “म्हणजे सगळं पहिल्यासारखं झालं तर.”

तिकडे मागे कुणाच्या तरी खोलीतला प्रेशर कुकर वाजला.

“येतो की. दर रविवारी येतो, आळंदीला बी जातो आमी,” अण्णा म्हणाले. “फकस्त आता बॉनेट उगडायच्या आदी मला इचारतो.”