शोकेसमधली ताई

आमच्या ताईच्या हाताखालून आजवर जेवढ्या बायका गेल्या, त्यांतल्या एकीनेही तिला उलट उत्तर दिलेलं नाही. कारण त्या सगळ्या पुतळे आहेत. कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात ताई शोकेस सजवते. पुतळ्याचा हात खांद्यातून फिरवून काढायचा, कंबरेतून धड उचलायचं, कपडा चढवायचा, सगळं पुन्हा जोडायचं आणि कपडा मागून टाचण्यांनी आवळायचा. रस्त्यावरून बघाल तर राजकन्या, मागून बघाल तर टाचण्यांचा कारखाना. या टाचण्या ताईबरोबर घरीही येतात. भावोजी तिच्या शेजारी बसण्याआधी खुर्ची चाचपून बघतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माणूस अजून सावध आहे.

माझं चष्म्याचं दुकान बरोबर समोर. त्यामुळे ताईचं काम मला दिवसभर दिसतं. माझं काम तिलाही दिसतं, आणि त्यावर तिला बरंच बोलायचं असतं.

कपडे बदलताना ताई काचेला आतून चादर लावते. मालक तिला हसतात. "अहो ताई, प्लास्टिकला कसली लाज?"

"प्लास्टिकसाठी नाही लावत, बाहेरच्यांसाठी लावते."

खोटं नाही. पूर्वी चादर नव्हती, तेव्हा उघड्या पुतळ्यापुढे चांगली पोक्त माणसं थबकायची, एकमेकांना कोपराने ढोसायची. आणि पुतळा बघून संपला की तीच नजर ताईवर यायची. जशीच्या तशी. मधे साधी पुसूनही घ्यायची नाहीत.

यंदा सेलच्या तोंडावर मालकांचे मेहुणे कुठलंसं प्रदर्शन बघून आले आणि येताना डोक्यात एक कल्पना घेऊन आले. मेहुण्यांच्या डोक्यात जागा मुबलक असल्यामुळे ती लगेच ऐसपैस बसली. सेलच्या दिवसांत संध्याकाळी शोकेसमध्ये जिवंत मुलगी उभी करायची! अंगात पार्टीचा झगा. हलायचं नाही, बोलायचं नाही, कुणाकडे बघायचं नाही. मुलगीही हेरून ठेवलेली. काउंटरवरची उंच पोरगी, जिला वरच्या फळीवरचे खोके काढते म्हणून सगळे शिडी म्हणतात.

शिडीने होकार दिला. जादा पगार मिळणार होता, आणि घरी शिकणारी दोन भावंडं होती.

ताई म्हणाली, "मी पुतळ्यांना कपडे घालते. माणसाचा पुतळा करून देत नाही."

"आपण काय तिला धंद्याला लावतोय?" मालक भडकले. "हे इज्जतीचं दुकान आहे. त्या तसल्या बायकांचं नाही!"

"त्या बायकांना मधे ओढू नका. तिकडे रोज कोण जातं, ते तुम्हाला 'तसलं' वाटत नाही. बायका तेवढ्या तसल्या."

मालकांनी मेहुण्यांकडे पाहिलं. मेहुण्यांनी पंख्याकडे पाहिलं.

पण ताईला खरा धक्का दिला तो शिडीने. चहाच्या वेळी ती ताईवर तुटून पडली. "तुम्हाला काय जातंय? दिवसभर उभी राहून खोके काढते, तेव्हा पाय माझेच दुखतात ना? तेही अंगच विकणं झालं की! तिथे कुणी नाही आलं मला वाचवायला."

संध्याकाळी ताई माझ्या दुकानात येऊन बसली आणि म्हणाली, "ती बोलली त्यात चूक काय ते मला सापडत नाहीये. पण हे चूक आहे."

"मग काय करणार?"

"आधी मी उभी राहून बघते."

मला वाटलं, गंमत करतेय. दुसऱ्या दिवशी तिने मालकांना सांगितलं, शोकेसचं काम माझं, तेव्हा नव्या प्रकाराची ट्रायलही मीच घेणार. मेहुणे हसून हसून खोकले. मालकांनाही मजा वाटली. "राहा उभ्या! ताई, तुम्हाला बघायला कोण येणार आहे?"

ताई पन्नाशीपुढची, चष्मेवाली, बेताची उंच आणि बेताबाहेरची रुंद. पुतळ्यावर झगा मागून आवळावा लागतो. ताईवर तो मागून जोडायला दोरी लागली. शिडीनेच ती बांधली आणि ताई दोन पुतळ्यांच्या मधे जाऊन उभी राहिली. माझ्या दुकानातून बघताना पहिल्यांदा मी पोट धरून हसलो, हे कबूल केलंच पाहिजे. कारण दोन सडपातळ राजकन्यांच्या मधे त्यांची सासू रागावून उभी असावी तसं ते दिसत होतं.

मग लोक थांबायला लागले.

आधी हसले, नंतर फोन काढले. एकाने काचेवर टकटक केलं. मग दुसऱ्याने. ताई नियमाप्रमाणे समोर, रिकाम्या हवेत बघत उभी. एक टायवाला गृहस्थ काचेला नाक लावून तिच्या अंगावर वरपासून खालपर्यंत बोट फिरवत मित्राला काहीतरी सांगत होता. बोट काचेवर होतं, पण मला ते पाहवेना. हा गृहस्थ त्याच सकाळी माझ्याकडे चष्मा दुरुस्त करून घेऊन "थँक्यू दादा, तुमच्या हातात जादू आहे" म्हणून गेला होता. मी रस्ता ओलांडून निघालो. ताईने बुबुळंसुद्धा न हलवता फक्त एक भुवई वर केली. लहानपणापासून त्या भुवईचा अर्थ मला ठाऊक आहे. मी मुकाट परत फिरलो.

वेळ संपेपर्यंत ती उभी राहिली. बाहेर आली तेव्हा मेहुणे आनंदाने नाचायचे बाकी होते. "बघा! तुम्ही असून एवढी गर्दी! मग शिडी असली तर?"

"तेच मलाही कळलं," ताई दोरी सोडवत म्हणाली. "त्यांना सुंदर बाई नकोच होती. उलट बघणार नाही अशी बाई हवी होती. ती कशीही चालते."

शिडीने तिला खुर्ची दिली. "पाय दुखले?"

"पाय रोजच दुखतात. तुझं त्याबाबतीत बरोबर होतं. पण काउंटरवर कुणी वेडंवाकडं बोललं, तर तू काय करतेस?"

"खोका पायावर पाडते."

"इथे तेवढंच करता येत नाही. त्याचेच जादा पैसे आहेत. आता तुझं तू ठरव. तू उभी राहिलीस तरी मी तुला नावं ठेवणार नाही."

शिडीने काचेकडे पाहिलं. काचेवर अजून बोटांचे ठसे होते. मग मालकांसमोर गेली. "उभी राहीन. पण कुणी बघितलं तर मीही बघणार. कुणी बोललं तर बोलणार. कंटाळा आला तर बसणार."

"मग तो पुतळा कसला?" मेहुणे ओरडले.

"नाहीच आहे मी पुतळा."

बेत बारगळला. शिडी ताईकडे वळली, डोळे भरलेले. "झालं समाधान? गेला माझा जादा पगार."

"जातोय कसा!" ताई उठली. "मालक, मला एकटीला शोकेस आता झेपत नाही. हिला मी काम शिकवणार. जादा पगार त्याचा द्या. नाहीतर सेलला शोकेस रिकामी राहील."

"ताई, ही धमकी आहे का?"

"हो."

असं सरळ उत्तर मालकांना अपेक्षित नव्हतं. त्यांच्या तोंडाचा चंबू झाला. "विचार करतो."

"करा सावकाश. मी बसलेय," म्हणून ताई गिऱ्हाइकांच्या सोफ्यावर ऐसपैस बसली.

मेहुणे म्हणाले, त्यात काय एवढं, मी सजवतो! आणि शोकेसमध्ये शिरले. पुढचा प्रकार मी समोरून पाहिला. त्यांनी हात काढायच्या आधीच कपडा ओढला, पुतळा त्यांच्या अंगावर कलंडला, आणि ते त्याला कवटाळून मदतीसाठी काचेवर थापा मारू लागले. बाहेर पुन्हा गर्दी जमली. फोन निघाले. मेहुण्यांचा चेहरा लालबुंद झाला. "अरे, बघताय काय! जा ना!" ते आतून ओरडत होते. कुणी हललं नाही.

मालकांनी शिडीला हाक मारली. शिडी आली, पण शोकेसकडे वळली नाही. मालकांच्या टेबलासमोरची खुर्ची ओढून बसली.

"आधी पगाराचं बोलू," ती म्हणाली.