वन्संनी आखलेली लॅब

देवानं पृथ्वी घडवण्याआधी एकदा जमिनीवर फक्कीच्या रेघा मारून बघायला हव्या होत्या, म्हणजे माणदेशाच्या वाटणीचा पाऊस कोकणात गेला नसता, असं आमच्या वन्संचं ठाम मत आहे. त्या वेळी वन्सं तिथं असत्या, तर देवानंही ते निमूट ऐकून घेतलं असतं. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. माहेर कुंडलचं, सासर उंब्रजचं आणि आयुष्यभराची नोकरी या दोन्हींच्या मधल्या एका कम्युनिटी कॉलेजात, इंग्रजी विभागाची प्रमुख म्हणून. मी त्याच कॉलेजात मराठी शिकवते. त्यामुळे घरी नणंद आणि कॉलेजातही वरचढ, असा दुहेरी योग माझ्या पत्रिकेत आहे.

कागदावरच्या नकाशावर वन्संचा काडीचा विश्वास नाही. कुठलीही गोष्ट करायची तर ती आधी जमिनीवर पांढऱ्या फक्कीनं खऱ्या मापात आखायची आणि तिच्यात वावरून बघायचं, हा त्यांचा नेम. उंब्रजला घर बांधायचं ठरलं तेव्हा त्यांनी मोकळ्या प्लॉटवर सगळ्या खोल्या आखल्या आणि घरच्यांना सकाळपासून त्यात राहायला लावलं. त्यांचे यजमान फौजेतून सुभेदार होऊन आलेले. ते चहा संपवून रेघ ओलांडून सरळ बाहेर निघाले, तशा वन्सं कडाडल्या, "आवं, भिंतीतनं कुठं चाललायसा? दारानं जावा की!" ज्या माणसानं सीमेवर कुणाची भीड ठेवली नाही, तो माणूस मागं फिरला, नसलेल्या दाराची नसलेली कडी काढली, बाहेर पडला आणि दार ओढूनही घेतलं. पुतणीच्या लग्नात तर त्यांनी पंगती आखून वाढप्यांना रिकाम्या बादल्या घेऊन आदल्या दिवशी पळवलं होतं. आम्ही पाटावर बसून नसलेली जिलेबी खात होतो आणि वन्सं विचारत होत्या, "मठ्ठा आला का न्हाई तिकडं?" लग्नात मठ्ठा सगळ्यांपर्यंत पोचला, हेही सांगायला हवं.

अशा या बाईंनी निवृत्तीच्या वर्षी भाषांची मल्टिमीडिया लॅब काढायचं मनावर घेतलं. आमच्याकडची मुलं कागदावर हुशार. पेपरात पानंच्या पानं लिहितात, पण समोरच्या परक्या माणसानं प्रश्न विचारला की त्यांची दातखीळ बसते. भरतीला गेलेली पोरं हिंदीत गप्प, पुण्याच्या हॉस्पिटलात गेलेल्या नर्सिंगच्या मुली इंग्रजीत गप्प. मुलाखतीहून रिकाम्या हातानं परत आलेल्या मुलीचा चेहरा वन्संना बघवत नसे. कानाला हेडफोन लावून ऐकायचं, बोलायचं, आपला आवाज आपणच तपासायचा, अशी एक जागा आपण जाण्याआधी झालीच पाहिजे, एवढं एकच त्यांना हवं होतं. जुनं ग्रंथालय हलल्यामुळे एक हॉल रिकामा होता. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "मराठी, हिंदी, इंग्रजी आणि नर्सिंग, चौघांनी मिळून एकमतानं आराखडा द्या, लगेच लॅब करू. न्हाईतर दिवाळीनंतर तिथं जिम घालतो." चार विभागांचं एकमत म्हणजे कपिलाषष्ठीचा योग, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जिमचं सामानही ते बघून आले होते.

भांडण यंत्रांवरून नव्हतं, सकाळवरून होतं. आमची मुलं एसटीनं येतात आणि दुपारच्या एसटीनं जातात, म्हणून चौघांनाही लॅब सकाळीच हवी. हिंदीचे सर माधवनगरचे, अत्यंत मृदुभाषी गृहस्थ, पण सकाळ सोडायला तयार नव्हते. नर्सिंगच्या बाईंनी बैठकीला येणंच सोडलं. मीही, नणंद असो की कोणी, मराठीची सकाळ देणार नाही म्हणून अडून बसले होते. वेळापत्रक मांडलं की फाटायचं.

शेवटी वन्संनी फक्कीची पोती मागवली आणि कॉलेजच्या मैदानात अख्खी लॅब आखायला घेतली. दोरी धरायला त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे हे, शेतातून थेट बोलावले गेले. त्यांनी मान खाली घालून, अर्धं लक्ष रानातल्या पाण्याच्या मोटारीकडं ठेवून रेघा मारल्या. मग आम्ही सगळे, बैठका सोडलेल्या नर्सिंगच्या बाईसुद्धा, खुर्च्या मांडून बसलो, तर शेजारच्याला हाक मारावी लागेल इतकं अंतर! मापून बघतो तर आमच्या ह्यांनी सवयीनं साडेचार फुटांची उसाची सरी सोडली होती. हिंदीचे सर हसून हसून खुर्चीतून पडायचे राहिले. आमचे हे फक्कीपेक्षा पांढरे पडले. वन्सं मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या, आळीपाळीनं दोन खुर्च्यांवर बसून मोठ्यानं बोलल्या आणि म्हणाल्या, "पुसू नका रं. दाट लावलं की एकमेकाचं वढून घेत्यात. हितं शेजाऱ्याचा आवाज येत न्हाई. असंच ऱ्हाऊ दे."

आणि त्या सरीत उभं असतानाच त्यांना पुढचंही सुचलं. "आपल्या कुंडलच्या हिरीवर पाच भावकीत पाणी चालतं," त्या म्हणाल्या. "लग्नात एकमेकाच्या पंगतीला बसत न्हाईत, पण पाळी कवा कुणी मोडली? ह्या आठवड्याला दिवसाचं पाणी ज्याला, फुडच्या आठवड्याला त्याला रातचं. आन् आपली पाळी सरली की फुडच्याच्या रानात पाणी आपल्या हातानं वळवून द्यायचं, मगच घरी जायचं. लॅब तशीच चालवायची. सकाळ फिरती. जाताना फुडच्याची यंत्रं चालू करून द्यायची."

"आणि मध्येच लाईट गेली तर?" सरांनी विचारलं.

"पाळी बुडाली!" मी, नर्सिंगच्या बाई, आमचे हे आणि झाडाखाली बसलेला शिपाई, सगळे एका सुरात ओरडलो. कित्येक आठवडे न झालेलं एकमत मैदानात एका क्षणात झालं. सर टाळी वाजवून म्हणाले, "बाई, हे आधी सांगायचं ना! आमच्या मोहल्ल्याच्या नळाला हाच कायदा आहे." भर उन्हात आम्ही चौघांनी नसलेल्या लॅबची पहिली पाळी करून दाखवली. गॅलरीतून बघणारे अध्यक्ष खाली आले, चपला काढून, रीतसर दारातून आत आले आणि म्हणाले, "जिंकलासा बाई तुमी. हॉल तुमचा." त्या दिवशी अख्ख्या कॉलेजनं पेढे खाल्ले, जिमची वाट बघणाऱ्या पोरांनी तर दोन-दोन.

लॅब सुरू झाली तेव्हा वन्सं निवृत्त झाल्या होत्या. उद्घाटनाला पाहुण्या म्हणून आल्या आणि भाषणं चालू असतानाच शिक्षकाच्या खुर्चीत जाऊन हेडफोन लावून बसल्या. संगणकाच्या पडद्यावर धडा देणाऱ्या बाईंनी नर्सिंगच्या एका मुलीला इंग्रजीत गावाबद्दल सांगायला सांगितलं. मुलगी थोडी थांबली, आणि मग जी सुरू झाली ती नदी, घाट, ऊस, जत्रा करत थांबेचना. चुका करत होती, पण बोलत होती. वन्संनी हेडफोन काढला. त्यांचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "काय झालं वन्सं?"

"पयल्या मुलाखतीला मुंबईला गेलते मी," त्या हळू बोलल्या. हे मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. "इंग्रजीत पयला नंबर आलेली. त्या सायबानं काय इचारलं, त्यातला एक शब्द कळला न्हाई. तशीच उठून आले. काय अवघड इचारलं असंल, म्हणून जन्मभर कोड्यात होते." त्यांनी त्या मुलीकडं पाहिलं. "हेच इचारलं असंल गं. तुझं गाव कसं हाय, एवढंच. कुंडलचं मी दिवसभर सांगत बसले असते."