वाचनालयाची शाल

महाड व पोलादपूर तालुक्यांतील तमाम नागरिकांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, मध्ययुगीन जर्मनीतल्या संसारी माणसांची ईश्वरसाधना या विषयावरचं या भागातलं पहिलं, आणि देवकृपेने शेवटचं, व्याख्यान मी दिलं होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आजही आठवलं की कानशिलं तापतात.

मुंबईहून एम. ए. करून मी नुकताच महाडच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायला लागलो होतो. बाबा औद्योगिक वसाहतीत केमिकल कंपनीत कामाला. ते विचारायचे, "त्या जर्मनांचा देव त्यांनी शोधला का नाय, ह्याचा तुला पगार मिलतो?" मला एकच हवं होतं: बाबांनी एकदा समोर बसून ऐकावं आणि त्यांना पटावं. म्हणून गावच्या वाचनालयाकडून व्याख्यानाचं बोलावणं येताच मी त्यांना आग्रहाने बोलावलं. ते पहिल्या पाळीवरून थेट आले, कंपनीच्या खाकी कपड्यांत, आणि पुढच्या रांगेत हाताची घडी घालून बसले.

सुरुवातीलाच शाल-श्रीफळ झालं. मे महिन्यातलं महाड आणि अंगावर लोकरी शाल! पण ती काढतो कोण? ती घरी नेऊन बाबांच्या हातात द्यायची, हे मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

मग मी सुटलो. हात उंचावून, आवाज खाली आणून, डोळे मिटून. ऱ्हाइनकाठचे विणकर, व्यापाऱ्यांच्या बायका, लग्न न करता एकत्र राहून सूत कातणाऱ्या, आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या स्त्रिया. मठात न जाता देव शोधणारी माणसं. त्यांना कळावं म्हणून काही धर्मोपदेशकांनी लॅटिन बाजूला ठेवून लोकांच्या बोलीत सांगितलं, की देव आतच आहे, 'माझं माझं' सोडा. हे मी 'अहंविसर्जन', 'अंतःस्थ चैतन्याचा साक्षात्कार' अशा मराठीत सांगितलं. बाबांची मान अधूनमधून हलत होती. मला वाटलं, पटतंय.

आभार झाले. मंचावर वाचनालयाचे चिटणीस माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"सर, शाल."

"हो, फार सुंदर आहे."

"तसं नाही... द्या ना. उद्या पोलादपूरला सत्कार आहे."

वाचनालयाकडे एकच शाल होती. कार्यक्रम संपला की वक्त्याने ती आपणहून घडी करून परत द्यायची, हा गावचा रिवाज. सगळ्यांना ठाऊक होता, माझ्याखेरीज. आणि मी काय करावं? मी पदर घट्ट धरला. त्यांनी ओढली, मी धरली. अहंविसर्जनावर नुकताच बोललेला मी, लोकरीच्या एका टोकाला लोंबकळत होतो.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून बाबा ताडकन उठले आणि ओरडले, "अवो सायब, ऱ्हाऊ द्या ना ती त्याला! तासभर बोललाय पोरगा! मला एक अक्षर कळला नाय, पन बोललाय!"